एक मीटर, आठ वर्षं

झुरिक, १८५५

तुमच्यासमोर एक उभी काचेची नळी आहे आणि तुमच्यावर एकच जबाबदारी आहे: तिला धक्का लागू द्यायचा नाही.

नळीचं खालचं तोंड मिठाच्या भांड्यात पक्कं बसवलेलं आहे, वरचं तोंड गोड्या पाण्याच्या मोठ्या भांड्यात उघडं. तळाशी पाणी मिठाने कायम संपृक्त. वर मीठ जवळजवळ शून्य, कारण वरचं पाणी तुम्ही वरचेवर बदलत राहता. मधे काय चाललंय ते दिसत नाही. रंग नाही, बुडबुडे नाहीत, हालचाल नाही. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे मोबाइलवरचं पान उघडायला दोन सेकंद जास्त लागले तर जीव कासावीस होतो. इथे मिठाला नळी चढायला दिलेली मुदत आठवड्यांत मोजतात आणि कुणी कुरकुरत नाही.

ज्याच्या हाताखाली तुम्ही राबताय तो अॅडॉल्फ फिक, वय २५. विद्यापीठात शवविच्छेदन शिकवतो. मूळचा ओढा गणिताकडे, नंतर वैद्यकात आला. नळीकडे बघताना त्याच्या मनात शरीर असतं. पेशींच्या आणि ऊतींच्या पातळ पडद्यांतून क्षार इकडून तिकडे कसे जातात, हा त्याचा खरा प्रश्न. पण पडद्याचं गणित मांडायचं तर पडदा नसताना काय होतं हे आधी कळायला हवं. थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने पाच वर्षांपूर्वी मोजमापांचा ढीग प्रसिद्ध केलाय. फिकला त्या मोजमापांचा आदर आहे, तक्रार एवढीच की त्यांतून नियम काही हाती लागत नाही.

आज मोजायचा दिवस. तराजूच्या दांडीला काचेचा छोटा गोळा टांगलाय. तो नळीत अलगद सोडायचा, एका खोलीवर थांबवायचा आणि वजन बघायचं. पाणी जितकं खारट तितकं जड, आणि पाणी जितकं जड तितका त्यात गोळा हलका भरतो. वजन लिहा. थोडं खाली सोडा. दांडी स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्या, कारण नळीतलं पाणी एकदा ढवळलं की इतक्या आठवड्यांची वाट पाहणं फुकट. मग पुन्हा वजन. खोली आणि खारटपणा यांचे ठिपके कागदावर मांडत गेलात की दिसतं: ठिपके सरळ रेघेत बसतायत. मध्यावर खारटपणा तळाच्या निम्मा.

ही रेघ फिकने गणितात आधीच काढून ठेवली होती, आणि ते गणित त्याने उसनं घेतलेलं आहे. फूरियेने १८२२ साली उष्णतेबद्दल जे मांडलं, ओहमने १८२७ साली विजेबद्दल जे मांडलं, तेच त्याने मिठाला लावलं. दोन जागांमधल्या खारटपणाचा उतार जितका तीव्र, तितका मिठाचा ओघ जास्त. बस्स. या एका वाक्यातून, मीठ निर्माण होत नाही आणि नाहीसंही होत नाही एवढं जोडलं की, कुठल्या क्षणी कुठे किती मीठ असेल याचं विकलक समीकरण निघतं. नळीऐवजी नरसाळ्याच्या आकाराचं भांडं घेतलं तर रेघ सरळ राहणार नाही, वाकेल, असंही हेच समीकरण सांगतं. नरसाळंही बाजूच्या टेबलावर आहे. तिथेही ठिपके गणिताच्या मागोमाग जातात.

आता तुमच्या जवळची एक गोष्ट काढा. तुम्ही पुढच्या काळातले, तेव्हा पाण्यात पोटॅशियमचा आयन किती झपाट्याने पसरतो तो आकडा तुम्हाला ठाऊक आहे. फिकच्याच समीकरणात घालून बघा. गोम अशी की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट होतो, अंतर दहापट तर वेळ शंभरपट. एका मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रोमीटर ओलांडायला पाव मिलिसेकंद. एक मिलिमीटरला चार मिनिटं. एक सेंटिमीटरला सात तास. आणि एक मीटरला, म्हणजे साधारण पायाच्या बोटापासून कमरेपर्यंत, आठ वर्षं.

याच काळात दुसरा एक आकडाही जर्मन भाषिक विद्यापीठांमधून फिरतो आहे. १८५० साली हर्मान हेल्महोल्ट्झने बेडकाच्या पायातल्या चेतातंतूतून जाणाऱ्या निरोपाचा वेग मोजला: सेकंदाला साधारण २७ मीटर. त्या वेगाने एक मीटर जायला सेकंदाचा पंचविसावा भागही लागत नाही. दोन्ही आकडे खरे. शरीर खाऱ्या पाण्याचं, त्यात हलतात ते आयनच. मग निरोप आठ वर्षांऐवजी डोळ्याचं पातं लवण्याआधी पोचतो कसा?

फिकला हा प्रश्न विचारू नका. त्याच्या समीकरणात विजेला जागाच नाही, आणि मीठ पाण्यात विरघळलं की भारित कणांमध्ये फुटतं हे कळायला अजून ३० वर्षं आहेत. मुक्काम हलवा.

लाइपझिग, १८८९

इथे फार थांबायचं कारण नाही, पण ओलांडून जाताही येत नाही. विल्हेल्म ओस्टवाल्डच्या प्रयोगशाळेत वाल्थर नेर्न्स्ट काम करतोय. वय पुन्हा २५. दोनच वर्षांपूर्वी स्वीडनच्या अऱ्हेनियसने सांगितलंय की क्षार पाण्यात आयनांच्या रूपात सुटे होतात. नेर्न्स्ट विचारतो, सुट्या झालेल्या दोघांचा वेग सारखा नसेल तर?

टेबलावर हायड्रोक्लोरिक आम्लाची दोन द्रावणं एकमेकांना चिकटून आहेत, एक तीव्र, एक सौम्य. दोन्ही आयन सौम्य बाजूकडे निघतात. हायड्रोजनचा आयन क्लोराइडपेक्षा चौपटीहून अधिक चपळ, तो पुढे सटकतो. पुढे धन भार, मागे ऋण भार. दोघांमध्ये विजेची ओढ तयार होते. ती पुढच्याला मागे खेचते, मागच्याला पुढे ढकलते आणि दोघं अखेरीस जोडीने चालू लागतात. फिकचा उतार इथेही आहेच, पण आता त्याच्या जोडीला विजेचा उतार आला.

एखाद्या पडद्यातून एकाच जातीचा आयन जाऊ शकत असेल तर हे दोन उतार एकमेकांना कुठे अडवतात तेही आता मांडता येतं. पसरण्याचा जोर एका दिशेला, विजेची ओढ उलट दिशेला, दोन्ही समसमान झाले की ओघ थांबला. खोलीच्या तापमानाला हिशेब असा: पडद्याच्या दोन बाजूंच्या संहतींत दहापट फरक असेल तर तोल ५८ मिलिव्होल्टवर साधतो. शंभरपट फरक, दुप्पट व्होल्ट. पुढच्याच वर्षी माक्स प्लांक हे गणित आणखी पक्कं करतो आणि दोघांची नावं एका समीकरणाला कायमची चिकटतात.

हाल्ले शहरातला युलियस बर्नस्टाइन १९०२ साली हे गणित चेतातंतूवर बसवतो. त्याचं म्हणणं: विश्रांतीत पडदा फक्त पोटॅशियमला वाट देतो, म्हणून आत ऋण व्होल्टेज. निरोप जाताना पडदा क्षणभर सगळ्यांनाच मोकळा होतो आणि व्होल्टेज शून्यावर येतं. पटण्यासारखं आहे. अडचण एवढीच की तंतूच्या आत तार घालून कुणी मोजलेलं नाही, कारण आत तार जाईल इतका जाड तंतू कुणाकडे नाही.

प्लिमथ, ऑगस्ट १९३९

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, सिटाडेल हिलच्या उतारावर सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा. तुमच्या हातात आत्ताच मचव्यावरून आलेला माकूल आहे. निसरडा, अंगावर तपकिरी ठिपके उमटतायत आणि विरतायत. आपल्याकडे रत्नागिरीच्या बाजारात जो दिसतो त्याचाच मोठा भाऊबंद. धोका दिसला की हा प्राणी अंगातलं पाणी एका झटक्यात बाहेर फेकून मागे उसळी मारतो. तो झटका साऱ्या अंगाला एकदम पोचावा म्हणून त्याच्याकडे अर्धा मिलिमीटर जाडीचा अक्षतंतू आहे. माणसाच्या अंगातले तंतू याच्या काही शतांश जाडीचे असतात. १९३६ साली जे. झेड. यंग या प्राणिशास्त्रज्ञाने ही रक्तवाहिनी नव्हे, चेतातंतू आहे हे दाखवून दिलं, आणि आत तार घालायची सोय झाली.

तंतू सोडवायला दोघं बसलेत. अॅलन हॉजकिन, वय २५, आणि त्याचा २१ वर्षांचा विद्यार्थी अँड्र्यू हक्सली. हक्सलीने आधी दुसरंच काहीतरी करून पाहिलंय: तंतू उभा टांगायचा, वरून पाऱ्याचा थेंब आत सोडायचा आणि तो किती वेगाने घसरतो त्यावरून आतला द्रव किती दाट ते काढायचं. थेंब जागच्या जागी राहिला. आत द्रव नाही, जेलीसारखा गोळा आहे. पण तंतू उभा टांगलेलाच आहे, तर त्यात वरून काचेची नळी का घालू नये?

नळी १०० मायक्रोमीटर जाड, तिच्यात चांदीची तार. तंतू ५०० मायक्रोमीटर. नळी आतल्या भिंतीला घासली की तंतू मेला. समोरून पाहिलं तर नळी मधोमध दिसते, पण कडेने? म्हणून हक्सलीने आरसा लावलाय, त्यात दुसरी बाजू दिसते. तुम्ही दिवा धरा. नळी खाली, आणखी खाली, साधारण दोन-तीन सेंटिमीटर आत. आता हात काढून घ्या आणि दोलनदर्शकाच्या पडद्याकडे बघा.

विश्रांतीत उणे ४५ मिलिव्होल्टच्या आसपास. ठीक, बर्नस्टाइनने सांगितलं तसंच काहीतरी. तंतूला विजेचा चिमटा. हिरवी रेघ उसळते, शून्यावर पोचते आणि थांबत नाही. वर जाऊन अधिक ४० च्या आसपास टेकते आणि मग खाली येते. सगळं दोन मिलिसेकंदांच्या आत.

पडदा सगळ्यांना मोकळा झाला असता तर रेघ शून्यावर थांबायला हवी होती. ती शून्याच्या पार गेली, म्हणजे कुणातरी एका आयनाला खास वाट मिळाली. कोणाला? विचार करायला उसंत नाही. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरतात. दोघं 'नेचर'ला जेमतेम पानभराचं टिपण पाठवतात, त्यात आकडे आहेत, कारण नाही. मग हॉजकिन विमानातल्या रडारवर, हक्सली तोफांच्या नेमावर. १९४१च्या बाँबहल्ल्यांत प्लिमथ आणि ही प्रयोगशाळाही सापडते.

प्लिमथ, उन्हाळा १९४९

दहा वर्षांनी त्याच उतारावर. संशयित आता पकडलेला आहे. हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमी करून पाहिलं तेव्हा उसळीचं टोक खाली आलं, जवळजवळ नेर्न्स्टचं गणित सांगतं तितकंच. हिशेब तुम्हीही करू शकता. माकुलाच्या तंतूत, रक्ताच्या तुलनेत, पोटॅशियम आत २० पट जास्त, म्हणून पोटॅशियमचा तोल उणे ७५ मिलिव्होल्टला. सोडियम बाहेर जवळपास ९ पट जास्त, म्हणून त्याचा तोल अधिक ५५ ला. पोटॅशियमला वाट असली की व्होल्टेज खाली ओढलं जातं, सोडियमला मिळाली की वर.

पण वाट कधी मिळते, किती मिळते? इथे एक दुष्टचक्र आहे. व्होल्टेज वाढलं की सोडियमची वाट मोकळी होते, सोडियम आत आलं की व्होल्टेज आणखी वाढतं. कारण आणि परिणाम एकमेकांच्या शेपटीमागे धावतायत, त्यात मोजणार काय? अमेरिकेच्या केनेथ कोलने सुचवलेला उपाय आता इथल्या बाकावर आहे. काचेच्या बारीक काडीवर चांदीच्या दोन तारा गुंडाळून ती काडी तंतूत लांबवर घातलेली. एक तार व्होल्टेज वाचते. ते ठरलेल्या आकड्यावरून तसूभर हललं की प्रवर्धक दुसऱ्या तारेतून तितकाच उलटा प्रवाह सोडतो आणि व्होल्टेज जागच्या जागी राहतं. जो प्रवाह सोडावा लागला, तोच पडद्यातून आयनांनी वाहिलेला प्रवाह. चक्र तुटलं.

तुमचं काम द्रावणं बदलायचं. आधी साधं समुद्राचं पाणी. व्होल्टेज एकदम वर नेऊन धरलं की आलेखात प्रवाह आधी आत वळतो, एखाद-दोन मिलिसेकंदांत ओसरतो आणि मग उलटून बाहेर वाहू लागतो, तो वाहतच राहतो. आता ते पाणी काढा आणि सोडियमऐवजी कोलीन घातलेलं पाणी भरा. तोच तंतू, तेच व्होल्टेज. आत वळणारा खड्डा गायब. उरला तो पोटॅशियम. पहिल्या आलेखातून दुसरा वजा करा, सोडियम सुटा झाला.

यंदा माकूल भरपूर सापडतोय. हॉजकिन, हक्सली आणि कात्झ रोज असे आलेख काढतात, वेगवेगळ्या व्होल्टेजला, वेगवेगळ्या तापमानाला. १९५२ साली येणाऱ्या पाच निबंधांना पुरेल इतका बहुतेक सगळा माल या जुलै-ऑगस्टमध्ये गोळा होतो. पुढची दोन वर्षं तो समजून घेण्यात जातात.

केंब्रिज, १९५१

आता बसा, कारण इथे हात दुखणार आहेत.

हॉजकिन आणि हक्सली यांना हवं होतं यंत्रणेचं चित्र. पडद्यात काही वाहक रेणू असतील, ते सोडियमला पाठुंगळी घेऊन पलीकडे नेत असतील, अशी त्यांची मूळ कल्पना. आलेख तिला साथ देईनात. तेव्हा त्यांनी हट्ट सोडला आणि ठरवलं: कसं होतं ते तूर्त बाजूला, किती आणि केव्हा होतं तेवढं तरी बिनचूक लिहू.

पोटॅशियमच्या आलेखाला एक खोड होती. व्होल्टेज वाढवलं की वाट लगेच मोकळी होत नाही. आधी जरा रेंगाळते, मग वेगाने उघडते. बंद होताना मात्र रेंगाळत नाही. यासाठी त्यांनी एक युक्ती काढली. दाराला एकसारख्या चार कड्या आहेत असं धरा, प्रत्येक कडी आपल्या मर्जीने निघते किंवा लागते. चारही निघाल्या तरच दार उघडं, एक लागली की बंद. एका कडीची निघालेली असण्याची शक्यता n असेल तर दार उघडं असण्याची शक्यता n चा चौथा घात. सोडियमसाठी तशाच तीन, त्यांचं नाव m, आणि चौथी उलट्या स्वभावाची, h: व्होल्टेज वाढलं की ती निघण्याऐवजी हळूहळू लागते. म्हणून सोडियमची वाट उघडते आणि आपोआप मिटतेही. m³h आणि n⁴. कड्या निघण्या-लागण्याचे वेग व्होल्टेजवर अवलंबून, आणि ते सहाही वेग प्लिमथच्या आलेखांतून काढलेले.

समीकरणं तयार. आता खरा प्रश्न असा: दोरी सोडली, व्होल्टेज कुणी धरून ठेवलेलं नाही, तर या समीकरणांतून आपोआप निरोप उमटतो का? आणि तंतूवरून तो किती वेगाने धावतो? धावण्याच्या वेगाबद्दल समीकरणांत कुणी काहीही घातलेलं नाही. तो बाहेर पडायला हवा.

विद्यापीठात एडसॅक नावाचा संगणक आहे. तो दुरुस्ती आणि फेरबदलासाठी सहा महिने बंद. म्हणून हक्सलीच्या टेबलावर ब्रुन्सविगा. हाताने फिरवायचं जर्मन गणकयंत्र. लोखंडी, जड. वर आकड्यांच्या खाचा, प्रत्येक खाचेत एक खुंटी. आकडा लावायचा, उजवीकडचा दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. गुणाकार म्हणजे फिरवत राहा, गाडा एक घर सरकवा, पुन्हा फिरवा.

दांडा तुमच्या हातात. विश्रांतीपासून सुरुवात. m आहे ०.०५३. घन करा: ०.०००१४९. h आहे ०.५९६, त्याने गुणा: ०.००००८९. सोडियमची पूर्ण मोकळी वाट १२० मानलेली आहे, तिच्यातली सध्या जेमतेम ०.०१ खुली. n आहे ०.३१८, चौथा घात ०.०१०२, पोटॅशियमच्या ३६ पैकी साधारण ०.३७ खुली. म्हणजे आत्ता पोटॅशियमचं राज्य, व्होल्टेज खाली. आता व्होल्टेज थोडं वर सरकवा. m आधी हलतो, तो तिघांत सगळ्यात चपळ. ०.०५ चा ०.५ झाला, म्हणजे दहापट, तर त्याचा घन हजारपट. एवढ्यात h जेमतेम कूस बदलतोय, n तर अजून पेंगतोय. आकडे तुमच्या बोटांखाली पेट घेतात. सोडियमचा प्रवाह पोटॅशियमवर मात करतो, व्होल्टेज वर, m आणखी वर. पुढच्या काही पायऱ्यांत h घसरतो, n जागा होतो आणि सगळं उलटतं.

प्रत्येक पायरीला सहा वेग काढायचे, घातांकांची कोष्टकं उघडायची, तीन कड्या पुढे सरकवायच्या, प्रवाह काढायचे, व्होल्टेजचा अंदाज बांधायचा, तपासायचा, सुधारायचा. ही झाली एक पायरी.

आणि धावणाऱ्या निरोपाला आणखी एक अट आहे. वेग आधी अंदाजाने गृहीत धरावा लागतो. अंदाज चुकला की काही पायऱ्यांनंतर व्होल्टेज एक तर आकाशाकडे सुटतं नाही तर पाताळात. एकीकडे सुटलं तर अंदाज कमी, दुसरीकडे सुटलं तर जास्त. दोन्हींच्या मधला आकडा घ्या, कागद बाजूला सारा, पहिल्या ओळीपासून दांडा पुन्हा फिरवा. योग्य वेगाला मात्र आकडे वर जातात, वळतात, उतरतात आणि शहाण्यासारखे विश्रांतीवर येऊन टेकतात. हे सगळं उरकायला साधारण तीन आठवडे.

शेवटचा आकडा लिहून घ्या: सेकंदाला १८.८ मीटर. ज्या तंतूसाठी हिशेब केला त्यावर १८.५ अंश सेल्सियसला प्रत्यक्ष मोजलेला वेग: २१.२ मीटर.

झुरिकच्या नळीसमोर अडलेल्या प्रश्नाचं उत्तर आता तुमच्या ब्रुन्सविगात आहे. आयन तंतूच्या लांबीने धावतच नाही. तो फक्त पडदा ओलांडतो, काही नॅनोमीटर. फिकचा वर्गाचा नियम लांब अंतरावर जितका निर्दय, तितकाच जवळच्या अंतरावर उदार. तेवढं अंतर मोकळ्या पाण्यात असतं तर काही नॅनोसेकंदांचं काम. एका जागी सोडियम आत आलं की शेजारच्या तुकड्याचं व्होल्टेज वर ढकललं जातं, तिथल्या कड्या निघतात, तिथलं सोडियम आत येतं. आयन जागच्या जागी आडवे येतात, निरोप उभा धावतो. आणि लागतात तरी किती थोडे! माकुलाच्या तंतूत एका निरोपापायी बाहेर पडणारं पोटॅशियम आतल्या साठ्याच्या साधारण दहा लाखांत एक.

पण निबंध छापायला देताना दोघांनी काय लिहिलं तेही उठण्याआधी वाचून घ्या. वेगातली तफावत झाकलेली नाही. आकडे जुळावेत म्हणून एखादी कडी घासूनपुसून घेतलेली नाही. आणि समीकरणं इतकी चांगली चालली म्हणून पडद्यात खरोखर कड्या आहेत असं समजू नये, अशा अर्थाचा इशारा स्वतः लेखकांनीच दिला आहे. हेच आलेख दुसऱ्या प्रकारच्या समीकरणांनीही बसवता आले असते, हेही मान्य केलंय.

गटिंगन, १९७६, आणि पुढे

शेवटची उडी. एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमान यांनी काचेच्या नळीचं सूक्ष्म टोक बेडकाच्या स्नायूपेशीवर टेकवलंय, इतकं सूक्ष्म की त्याखाली पडद्याचा एखादाच मार्ग सापडावा. दोलनदर्शकावरची रेघ आता गुळगुळीत नाही. ती चौकोनी पायऱ्यांत चढते आणि उतरते. उघडं, बंद. उघडं, बंद. हा मार्ग सोडियमचा वा पोटॅशियमचा नव्हे, चेतातंतूचा निरोप स्नायूला देणाऱ्या अॅसिटिलकोलीनचा, पण गोष्ट उघड झाली: एक एक मार्ग असा अचानक उघडतो नि मिटतो, आणि हजारो मार्गांची सरासरी म्हणजे ब्रुन्सविगावरची मऊ वक्ररेषा.

१९९८ साली न्यूयॉर्कमध्ये रॉडरिक मॅकिनन पोटॅशियमच्या एका मार्गाची क्ष-किरणांनी घेतलेली रचना दाखवतात. जीवाणूमधला मार्ग. बाजूने नका बघू, वरून बघा. एकसारख्या चार प्रथिनांची मिळून एक वाट. n⁴ मधले चार! क्षणभर वाटतं की कागदावरच्या घातांकाने ४६ वर्षं आधीच प्रथिनं मोजली होती.

मग सोडियमकडे वळा, जिथे समीकरण सांगतं तीन एका स्वभावाच्या आणि एक उलट्या. तिथला मार्ग म्हणजे एकच लांबलचक प्रथिन, चार भागांचं, आणि भाग एकसारखे नाहीत. उघडलेली वाट मिटवण्याचं h चं काम करतो तो तिसऱ्या आणि चौथ्या भागाला जोडणारा एक तुकडा. समीकरणात h आणि m एकमेकांशी न बोलता आपापलं काम करतात. प्रथिनात तसं नाही, वाट उघडण्यावर मिटणं बऱ्याच अंशी अवलंबून असतं. पोटॅशियमला चौथा घात निवडला गेला तो आलेखाच्या वळणावर नीट बसतो म्हणून. तो खऱ्या संख्येशी जुळला. तीन आणि एक ही विभागणीही वळणासाठीच होती, ती तशी जुळली नाही.

१९६० साली लंडनच्या डेनिस नोबलने याच सांगाड्यावर हृदयाच्या पेशीचं गणित मर्क्युरी संगणकावर चालवलं, आणि आजही हृदयाच्या ठोक्याचं गणित मांडणारे बरेचसे त्याच चौकटीत काम करतात. तुमच्या फोनवर ब्रुन्सविगाच्या तीन आठवड्यांचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होईल. म्हणूनच १९५२चा तो इशारा आज जास्त लागू पडतो. हिशेब महाग होता तेव्हा माणसं उत्तरावर किती विश्वास टाकायचा हेही नीट जोखत. फिकने पडद्याबद्दल बोलण्याआधी पडदा नसलेली नळी मोजली. हॉजकिन आणि हक्सली यांनी वाहक रेणूची लाडकी कल्पना आलेखांपुढे सोडून दिली आणि जे उरलं त्याला वर्णनच म्हटलं, शोध म्हटलं नाही. आठ वर्षांचं कोडं त्या वर्णनाने सोडवलं. पुढे प्रथिन समोर आलं तेव्हा त्या वर्णनातलं काही टिकलं, काही बदलावं लागलं, आणि कुणाला तोंड लपवावं लागलं नाही, कारण लिहिणाऱ्यांनी दावाच तेवढा केला होता.